मुक्ताबाईचं पान

वैजयंतीबाई उजगरे शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी त्यांना गाठलं. "बाई, सत्त्याण्णवला आपल्या बेलापूरच्या चर्चला शंभर वर्षं होतील. मंडळीचा इतिहास तुम्हीच लिहा."

बाई हो म्हणाल्या आणि फसल्या. मंडळीतल्या ज्याच्या-त्याच्या आजोबांनीच म्हणे चर्च बांधलं होतं! शहाजी अमोलिक म्हणत, "घंटा आमच्या आजोबांनी दिली." सिताराम हिवाळे म्हणत, "छे! त्यांचे आजोबा नुसती दोरी ओढायचे." वर्षभर दोघं आळीपाळीनं बाईंच्या वाशीच्या फ्लॅटवर येत, चहा पीत आणि आदल्या आठवड्यात लिहिलेलं खोडायला लावत. बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी वैतागून त्यांनी चर्चच्या कपाटातलं जुनं रजिस्टरच उघडलं. पहिला बाप्तिस्मा मुक्ताबाईचा, मिठागरात राबणाऱ्या एका विधवेचा. चर्च उभं राहण्याआधी सात वर्षं उपासना तिच्याच झोपडीत भरत होती. पुढच्या पानावर एक अर्ज डकवलेला: 'मुक्ताबाई हलक्या जातीची. तिनं तोंड लावलेल्या पेल्यातून आम्ही प्रभुभोजन घेणार नाही.' खाली दोन सह्या. एक अमोलिकांच्या आजोबांची, दुसरी हिवाळ्यांच्या.

बाईंनी अर्ज जसाच्या तसा उतरवला.

कमिटीत तो वाचल्यावर शहाजी आणि सिताराम जन्मात पहिल्यांदा एका सुरात बोलले, "हे पान काढा."

"आनंदाच्या प्रसंगी कशाला, बाई?" पाळकसाहेब चुळबुळले. "मुक्ताबाईचं आता कुणी उरलंही नाही."

"मग लिहा तुम्हीच!" बाईंनी वही टेबलावर आपटली. "घंटेपायी माझं वर्ष खाल्लंत. जिच्या घरात ही मंडळी जन्मली, तिला एक पान देववत नाही? छापायचं तर सगळं, नाहीतर माझं नाव काढा."

दुसरं कुणी लिहायला पुढं येईना, म्हणून स्मरणिकेत सगळं छापलं गेलं.

शताब्दीच्या दिवशी शहाजींनी बाईंना बघून तोंड फिरवलं. सिताराम आलेच नाहीत. ते उगवले आठवड्यानं, थेट बाईंच्या दारात. हातातल्या स्मरणिकेवर जागोजागी लाल खुणा.

"शाळेत शिकवत होतात ना? केवढ्या चुका या!"

बाईंचं डोकं पुन्हा भडकलं. तणतणत त्यांनी पानं उलटली. पहिली खूण त्या अर्जावरच होती.

"आजोबांचं नाव अर्धंच छापलंय," सिताराम खाली बघत म्हणाले. "सही त्यांचीच आहे, तर पुढच्या वेळी पूर्ण छापा."

बाईंनी स्मरणिका पुढ्यात ओढली. चष्मा चढवून तपासायला बसल्या. सितारामांनी अकरा चुका काढल्या होत्या, आणि मेल्या नऊ खऱ्या निघाल्या.