वारेचा निरोप

बारावीच्या पोरांना मी दरवर्षी फळ्यावर वार काढून दाखवते. वार म्हणजे प्लासेंटा, आईचं आणि बाळाचं जिथे देणंघेणं चालतं तो मांसल गोळा. तिचे हार्मोन, त्यांची कामं, सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि याच शहाण्या बाईने स्वतःच्या सहाव्या महिन्यात सासूच्या सांगण्यावरून संध्याकाळचं जेवण सोडलं. हसा, खुशाल हसा. मी स्वतःवर इतकी चिडून बसले आहे की तुमच्या हसण्याने आता काही बिघडत नाही.

माझ्या सासूबाई, चंद्रकांताबाई, पाचवा महिना लागताच करडी गावाहून आमच्या जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आल्या. सोबत घरच्या तांदळाचं पोतं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओटा ताब्यात घेतला. महिनाभर छान खाऊ घातलं. मग सहावा लागला आणि ताटातला भात निम्मा झाला. रात्रीचं ताट तर बंदच.

"लेकरू मोठं झालं का अडते मंग," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सहाव्यापासून हात आखडताच घेतेत. भूपेंद्रच्या वक्ताले मी अर्धपोटी राहिली, तरी दोन दिवस कळा सोसल्या. बैलगाडीत घालून नेलं मले. पोटभर खाल्लं असतं तं वाचलीच नसती."

भूपेंद्र म्हणजे माझा नवरा. तो फॅक्टरीतून येईपर्यंत मी दूध पिऊन आडवी झालेली असायची. मी भांडले का नाही? कारण ती बैलगाडी माझ्याही डोक्यात शिरली होती. बाळंतपणाची भीती मला सासूबाईंपेक्षा जास्त होती, आणि भूक मारणं सोपं वाटलं.

सातव्या महिन्यात भंडाऱ्याला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं. बाळ दोन आठवड्यांनी मागे होतं. वारेतला रक्तप्रवाह चांगला होता, बाकी सगळं ठीक होतं.

"जेवता काय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "सकाळी दोन पोळ्या, दुपारी वाटीभर भात, अन् रातच्याले कपभर दूध. मी सोता लक्ष ठेवतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. मग त्या काय बोलल्या ते सगळं सांगत नाही, पण शेवट असा होता, "पंधरा दिवस देते. पोटभर जेवायचं. बाळाचं वजन वाढलं नाही तर भरती व्हावं लागेल, कदाचित बाळाला वेळेआधीच काढावं लागेल."

 घरी येऊन स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि रागाने माझा तोल सुटला.

"आई, वार म्हणजे नुसती नळी नाही! थे माया रक्तात निरोप धाडते. म्हणते, बाई, तू साखर कमी घे, लेकरासाठी राहू दे. तो निरोप ऐकाच्या जागा माया आंगात आहेत, रिसेप्टर म्हणतेत त्याइले. त्याइनं ऐकलं का माया आंग मागे सरते, अन् साखर लेकराकडे जाते. पण मुळात रक्तात काही असलं पायजे ना!"

सासूबाई पाटावर बसल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हणजे पंगतीत वाढणारी तयार उभी हाय," त्या म्हणाल्या, "अन् मी चुलीवरचा भाताचा गंजच उतरून ठेवला."

"हो."

"पर तुया आंगाले थो निरोप ऐकू येऊन राहिला का नाही, हे कसं समजते?"

अकरा वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. भर रागात मला आनंद झाला. "म्हणून तं साखर तपासतेत," मी म्हणाले. "अन् निरोप गरजेपेक्षा जास्तच लागू पडला तं साखर चढते कोणाकोणाची. तेही पाहावं लागते."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "अन् अडलं तं?"

"अडलं तं दवाखाना हाय आई. बैलगाडी नाही."

त्या उठल्या आणि चार जणांचा भात टाकला.

पुढचे पंधरा दिवस काय विचारता! सासऱ्यांनी, केशवरावांनी, करडीहून तलावाची मासोळी धाडली. अंडी आली, तुरीचं घट्ट वरण आलं, पालेभाज्यांच्या जुड्या आल्या. गुळाचे लाडूही झाले, पण साखर तपासल्याशिवाय एकाच्या वर नाही, हा नियम सासूबाईंनी स्वतःच केला. माझं ताट रिकामं झालं की त्या माझ्या पोटाजवळ तोंड नेऊन विचारायच्या, "गेला का वो निरोप?" ब्लॉकमधल्या तीन बायकांना त्यांनी रिसेप्टर शिकवले. उच्चार 'रिसप्टर' होता, बाकी चूक काढायला मला जागा सापडली नाही.

पंधराव्या दिवशी वजनाचा काटा हलला होता. बाळाने वाढ धरली होती, चांगली धरली होती. सासूबाई दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्यांसमोर रडल्या. मीही रडले, आणि मग दोघींनी बाहेर जाऊन समोसे खाल्ले.

कळा सुरू झाल्या त्या पहाटे, पूर्ण दिवस भरल्यावर. सोबतीला एक बाई चालते म्हणून सासूबाई आत आल्या. नऊ तास लागले. ओरडले मी, नर्सला शिव्याही दिल्या, पण अडलं काही नाही. दुपारी मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम! रिता सिस्टरने वजन मोठ्याने वाचलं आणि पुसलेलं बाळ सासूबाईंसमोर धरलं.

"थांब वो बाई," त्या म्हणाल्या. "पहिले थे दाखव."

"काय?"

"वार."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. वार अख्खी बाहेर आली का हे सिस्टरला तसंही पाहायचंच होतं. तिने स्टीलचा ट्रे पुढे सरकवला. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या लालभडक गोळ्याला हात जोडले.

"लय राबली तू," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मोना, मायावाली कशी होती, कोणंच पाह्यली नाही. मी बी नाही."

माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं, पण हे बोलावंच लागलं. "तुमचीबी राबली आई. तुम्ही अर्धपोटी होत्या, तरी तुमच्या हाडामासातून काढून देल्लं तिनं त्याले. बाहेर उभा हाय, जाऊन पाहा."

दाराच्या काचेतून भूपेंद्र आत डोकावत होता, सहा फूट उंच, केस विस्कटलेले. सासूबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या, जणू तो आत्ताच जन्मला होता. मग त्यांनी नातीला उराशी धरलं आणि दार उघडून ओरडल्या, "ये रे, पोरगी झाली! अन् तू काही खाल्लं का सकाळपासून?"