तीन टाके

सून सासूकडे लोणच्याची बरणी मागेल, फार तर लग्नातली नथ मागेल. चारकोपच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दीप्तीने रविवारी सकाळी मालनकडे मागितले ते टाके. तेही सोल्डरचे, वितळलेल्या कथलाचे.

"आई, तीनच आहेत. पण अगदी केसाएवढे बारीक. मला नाही जमणार."

मालन लसूण सोलत होती. ती सोलायचीच राहिली. बावीस वर्षं तिने अंधेरीच्या टीव्ही कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर काढली होती आणि तिने केलेला बोर्ड तपासणीतून कधी परत म्हणून आला नव्हता. पण कारखान्याला टाळं लागून वीस वर्षं झाली, आणि दोन वर्षांपूर्वी डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून घरच्यांनी तिच्या हातांना परस्पर पेन्शनीत काढलं होतं. मुलगा विशाल तर चहाचा ट्रेसुद्धा तिच्याकडून काढून घेई. "राहू दे, आई." हे ऐकलं की मालनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खरं सांगायचं तर रागाहून भीती मोठी होती. पोरगा बरोबर बोलत असेल तर? हात खरंच गेले असतील तर?

"माझा चष्मा आण," ती म्हणाली. "आणि सोल्डरची गन तापायला ठेव."

दीप्तीचं वेड सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. नोकरी आइस्क्रीमच्या कंपनीत, आणि सुट्टी आली की मोडीत निघालेले कम्प्युटर आणायचे आणि ते बनवणाऱ्याने नेमून दिलेल्या वेगाच्या पलीकडे पळवायचे. म्हातारा बैल शर्यतीत उतरवायची हौस, असं मालन म्हणायची. या वेळचा बैल अठरा वर्षांचा होता. त्याच्या मुख्य चिपचा मूळ वेग तीन हजार मेगाहर्ट्झ. जगभरातले असले वेडे इंटरनेटवर एक यादी ठेवतात, तिच्यात या चिपवर पाच हजार अजून कुणाच्याच नावावर नव्हते. दीप्ती चार हजार आठशेवर अडकली होती. पुढे चिपला जास्त व्होल्टेज लागत होतं आणि बोर्ड ते द्यायला तयार नव्हता. मग व्होल्टेज सांभाळणाऱ्या आयसीच्या तारेसारख्या पायाला एक प्रिसेट जोडायचं ठरलं. प्रिसेट म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा, शर्टाच्या बटणाएवढा रेझिस्टर. तो जोडला की व्होल्टेज आपल्या मुठीत. आधीच्या बोर्डाची दीप्तीने स्वतः टाके घालताना वाट लावली होती. हा शेवटचा. असा दुसरा कुठे शोधूनही मिळाला नव्हता.

"प्रिसेट मी पूर्ण डावीकडे लावून ठेवलाय हां," दीप्ती म्हणाली. "तिथे व्होल्टेज सगळ्यात कमी. तिथूनच सुरू करायचं."

मालनने नुसतं हूं केलं. तिचं लक्ष केव्हाच बोर्डात गुंतलं होतं.

सोल्डरच्या पेस्टचा धूर नाकात गेला आणि मालन ताठ बसली. पहिला टाका बसला, गोल आणि चकचकीत. दुसराही बसला. तिसऱ्याच्या शेजारचा पाय इतका जवळ होता, की थेंबभर सोल्डर सांडलं तर खेळ खल्लास. मालनने श्वास रोखला, टोक टेकवलं, उचललं.

दीप्तीने भिंगातून बघितलं आणि चक्क शिट्टी मारली. सासूसमोर! "झकास, आई! यार, काय हात आहे!"

मालनला वाटलं, उठून नाचावं.

मग धांदल उडाली. दमटपणाने पाणी धरू नये म्हणून दीप्तीने बोर्डाला व्हॅसलीन चोपडलं, बारशाच्या बाळाला तेल लावावं तसं. चिप तापून जळू नये म्हणून तिच्यावर तांब्याचं उभं भांडं बसवलं, खिडक्या सताड उघडल्या, हातमोजे घातले आणि कंपनीतून आणलेले ड्राय आइसचे तुकडे भांड्यात सोडले. पांढरा धूर टेबलावरून खाली ओघळला. थर्मामीटर उणे साठवर गेला.

"चला! गणपती बाप्पा..." म्हणत दीप्तीने बटणाकडे बोट नेलं.

मालनची नजर सहज स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली. त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर होता. हा आपण कधी उचलला? आणि एकदम तिला आठवलं. कारखान्यात शेवटचा टाका झाला की प्रिसेट मध्यावर आणायचा आणि मगच बोर्ड पुढच्या टेबलावर सरकवायचा. बावीस वर्षं, दिवसाला दीडशे वेळा. आजही हात आपसूक तिकडे गेला होता.

बोललं तर 'राहू दे, आई' कायमचं कपाळी लागणार होतं. नाही बोललं तर पोरीचा बोर्ड जाणार होता.

"थांब गो! बटण दाबू नको!"

दीप्ती जागच्या जागी थिजली.

"मी प्रिसेट फिरवलाय. मध्यावर. जुनी सवय... माझं चुकलं."

दीप्तीने वाकून बघितलं. खाच सरळ उभी होती. तिचा चेहरा उतरला. "आई, चिपसकट उडालं असतं सगळं!"

"ठाऊक आहे." मालनने मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर पुढे केला. आता ते तीन शब्द येणार, म्हणून तिने मन घट्ट केलं.

दीप्तीने स्क्रूड्रायव्हर घेतला नाही. "पूर्ण डावीकडे न्या. आणि तुमच्याकडेच ठेवा. मला बर्फ भरायचाय, कीबोर्ड बघायचाय, आणि माझे हात बघा कसे उडतायत! मी सांगेन तेवढाच फिरवायचा. न विचारता हात लावलात तर याद राखा."

"बरं, बाई," मालन म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळला. चार हजार आठशे. "थोडा उजवीकडे!" चार हजार नऊशे. धूर दाटला, दीप्ती बर्फ भरत राहिली. नऊशे साठला स्क्रीन गोठला. पुन्हा सुरू केला. "अजून किंचित!" मालनचं मनगट उंदराच्या मिशीएवढं हललं. नऊशे ऐंशी. नऊशे नव्वद.

"आई, केसभर! केसभरच!"

पाच हजार चार.

"सेव्ह झालं! आई, सेव्ह झालं! खाली आणा, खाली!"

मालनने प्रिसेट पार डावीकडे नेला आणि स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. दीप्ती किंचाळत पलंगावर उड्या मारत होती. शेजारच्यांनी भिंत ठोकली तरी थांबेना.

आणि तेव्हा मालनचे हात थरथरायला लागले. अगदी कोपरापर्यंत, थांबवता थांबेनात. तिने ते घाईघाईने पदराखाली लपवले. पण दीप्तीला दिसलंच. ती पलंगावरून उतरली, हातमोजे काढले आणि सासूचे दोन्ही हात पदरातून ओढून आपल्या गारठलेल्या हातांत घट्ट धरले.

"विशालला सांगू नको," मालन पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

"सांगणार. पाच हजार चार होईपर्यंत एकदाही हलले नाहीत, मी बघितलंय. आता हलू देत."