माझे पिवळे दिवे काढले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लाल ट्रॅक्टर आहे. लाल म्हणायचं ते जुन्या ओळखीपोटी. आता अंगावर रंग कमी आणि गंज जास्त. शीळफाट्याच्या अलीकडे, टॉवरांच्या मागे चार कौलारू घरं उरली आहेत, त्यातल्या एका अंगणात मी उभा असतो. आज मला मयूर चालवतो, पण सीटवर मला अजून त्याच्या बापाचंच वजन जाणवतं. भुताखेताच्या गोष्टी सांगायचा माझा स्वभाव नाही. जाणवतं ते सांगतो.

दगडूने मला आणलं तेव्हा इथे भाताची खाचरं होती. चिखलणीला मी उतरलो की पोरं बांधावर नाचायची. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकू. काय तोरा होता माझा! पुढे शेतं गेली, टॉवर उठले आणि मी ट्रॉलीतून माती वाहू लागलो. लोक म्हणायचे, "दगडू, भंगारात घाल ही गारी." तो म्हणायचा, "आधी तू जा." त्याने मला विकलं नाही.

माझे दोन दिवे पिवळे आणि मिणमिणते होते. तिन्हीसांजेला ते वळणावर दिसले की दगडूची बायको गंगुबाई भात शिजत टाकायची. एके संध्याकाळी दगडूने मला वळणावरच थांबवलं, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो उठलाच नाही. माझं इंजिन धडधडत होतं, दिवे जळत होते. गंगुबाईने दिवे पाहून भात टाकला. भात शिजला, गार झाला, तरी दिवे पुढे सरकेनात. मला हाक मारता आली असती तर, मित्रांनो!

तेव्हापासून मयूर सीटवर बसू लागला. बसायची ढब बापाचीच, एक खांदा खाली. मंद उजेडात नुसती आकृती दिसायची. पहिल्याच संध्याकाळी गंगुबाईने उंबऱ्यातून विचारलं, "आलाव?" नवऱ्याला विचारायची तस्संच, मान देऊन. मयूर गोंधळून "हो" म्हणाला आणि तिथेच फसला. मग रोज तो "हो" म्हणायचा आणि बापाच्या ताटात मुकाट जेवायचा. वर्ष होत आलं, आईने त्याला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. दिवसासुद्धा नाही. पोरगा वाळत चालला होता, पण आईचा आधार तोडायचा कसा?

एकदा फाट्याकडून येताना समोरच्या कंटेनरला माझे दिवे दिसलेच नाहीत. तो माझं मडगार्ड घासून गेला. मयूर थोडक्यात वाचला. मग त्याची बायको शिवानी हट्टाला पेटली. "एलईडी लाव, नायतर ट्रॅक्टर दारातून हलणार नाही, सांगून ठेवते."

रविवारी मयूरने कल्याणहून एलईडीचे दोन दिवे आणले. जुने काढताना बोल्ट सुटता सुटेनात. दात उपटताना तुम्हाला होतं तसं मला झालं. गंगुबाई ओट्यावर बसून बघत होती. मयूरने नव्या दिव्यांची काळी तार माझ्या अंगाला आवळली, लाल तार स्विचला जोडली आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. म्हणून त्याने जुना दिवा तिथेच लावून पाहिला, तर तो लगेच पेटला.



"तेंना नको हाय," गंगुबाई म्हणाली. "तेंची गारी हाय ती. काढ ते दिवे."

मयूरने पाना खाली ठेवला. "शिवानी, राहू दे. बाबांना नसेल पसंत."

कारण साधं होतं. माझ्या घडणीच्या काळी बॅटरीचा प्लस ट्रॅक्टरच्या अंगाला जोडायची रीत होती, आजच्या अगदी उलट. साध्या बल्बला त्याचं सोयरसुतक नसतं, एलईडीला ते चालत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की दगडूच आडवा आलाय, आणि मला ते आवडलं.

शिवानी डोंबिवलीच्या एका कारखान्यात पॅनेल बोर्डांच्या तारा जोडते. तिने वाकून बॅटरी पाहिली आणि ती थबकली. मग सासूकडे बघत हलकेच म्हणाली, "आई, बाबांचं नाही हो काही यात. तारा उलट्या लागल्यात." तिने त्या बदलल्या. मयूरने बटण दाबलं आणि समोरची भिंत पांढरीफटक उजळली. गंगुबाई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दारात आलो. गंगुबाई उंबऱ्यात उभी होती, डोळ्यांवर आडवा हात धरून. त्या झगझगाटामागे तिला सीट दिसत नव्हती, ढब दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं.

"कोन हाय?" तिने विचारलं.

मयूरने इंजिन बंद केलं. नेहमीचा "हो" त्याच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला.

"मी हाय, आये. मयूर."

"ते नाय आले?"

"नाय, आये. बाबा नाय येनार."

दगडू गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. आता उंबऱ्यात बसून ती रडली. मी माझा उजेड कुठे लपवू हे मला कळेना.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल घाला, त्यांचे बोल्ट आवळा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरात कोणी गेलेल्या माणसाच्या जागेवर गुपचूप बसत असेल, तर त्याच्याकडेही एकदा नीट बघा. गंगुबाईने पदराने डोळे पुसले, उठून आपल्या पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा म्हणाली, "मयूर, किती वाललास रं. चल, जेवाला चल."