तीन पायऱ्या

गिंडीच्या ऑफिसात गिरीधरपुढे एक फॉर्म पडला होता. आवडी उपनगरातला टॉवर वादळात का बंद पडला, कारण लिहा. वयाने लहान, हुद्द्याने मोठा असलेला त्याचा साहेब क्षितिज कारणही तयार ठेवून बसला होता.

"अतिवृष्टी लिहा गिरीधरराव, आणि मोकळे व्हा. आभाळावर कोण केस करणार?"

आभाळ बिचारं मुकं. पाप ढकलायला माणसाला अशी मुकी जागा लागतेच.

टॉवर म्हणजे विशालाक्षी आत्याच्या गच्चीवरचा लोखंडी खांब. गल्लीचं बिनतारी इंटरनेट त्याच्यावरच. जागा गिरीधरने मिळवली, आराखडाही त्याचाच. रेडिओ, राउटर, स्विच मिळून दोनशे वॅट. वीज गेली तर चोवीस तास चालवायला आठ बॅटऱ्या. जुन्या गच्चीला ते वजन झेपेना, म्हणून बॅटऱ्या खाली, जिन्याखालच्या घोडीवर. रस्त्यापेक्षा दोन फूट उंच, असं त्याने लिहिलं. रस्त्याची उंची घेतली घराच्या जुन्या नकाशावरून.

घोडी बसवली तेव्हा आत्या म्हणाली होती, "काय रे गिरी, एवढं ओझं घरात मांडलंस, एकदा वाकून पाहिलंस कोठे?"

"सगळं गणितात बसवलंय आत्या."

"पोडा, जा रे. गणितात तर तू दहावीला दोनदा बसलास."

खरं तर नकाशा लागतच नव्हता. लहानपणी तो तीन पायऱ्या चढून त्या घरात शिरायचा. मग रस्त्यावर रस्ता चढला. जुनं डांबर खरवडायचं सोडून दर खेपेला वर नवा थर. कंत्राटदार गब्बर झाले, घरं खड्ड्यात गेली. आता एक पायरी उतरून आत जावं लागे. दर रविवारी गिरीधर उतरत होता. पायांना ठाऊक होतं, हाताने लिहिलं नाही.

डिसेंबरच्या वादळात दुपारी आवडीची वीज गेली, मोबाइल मुके झाले. गल्लीत एक आत्याचा खांबच बोलता होता. चारला तिचा निरोप आला : पाणी दारात आलं, मी वर जाते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अड्यारला अडकलेल्या गिरीधरने हिशेब केला. चोवीस तास आहेत, काही लागलं तर आत्या फोन करेल. फोन आला नाही. म्हणजे सगळं ठीक, असं तो धरून चालला. अर्ध्या तासात पाण्याने बॅटऱ्या गिळल्या होत्या आणि तसा इशारा द्यायला बुडालेल्या ऑफिसात कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो कंबरभर पाण्यातून पोचला. आत्या वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, गार. मांडीवर फोन. न लागलेले अकरा फोन, सगळे गिरीला. न गेलेला एक निरोप : छातीत दुखते. होडी दोन गल्ल्या पलीकडे येऊन गेली होती. ज्यांचे निरोप पोचले, त्यांना तिने उचललं.

आता फॉर्मपुढे गिरीधरने पेन घेतलं. "बॅटऱ्यांची उंची जुन्या रस्त्यावरून धरली. जागेवर मोजायची टेप लावली नाही. चूक माझी."

क्षितिजने वाचलं. "नोकरी जाईल तुमची. कंपनीही गोत्यात येईल."

"येऊ दे. आणखी सतरा टॉवर मी असेच मांडलेत. त्या घरांतही माणसं राहतात."

क्षितिजने फॉर्म उलटा करून ठेवला. गिरीधरने खणातली टेप उचलली आणि आवडीची गाडी पकडली.

आत्याच्या दारात पाय सवयीने पायरी उतरला. आत ओल्या चिखलाचा वास होता. चप्पल बाहेर काढ रे, म्हणायला कोणी नव्हतं. त्याने ती काढली, वाकला, आणि टेप जमिनीला टेकवली.