काँक्रीटचा कान

मुलाने आपणहून फिरायला नेतो म्हटलं, तेव्हाच आप्पांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. एरवी बापाला दवाखान्यात सोडायलाही चिरंजीवांना सवड नसायची. आज मात्र पहाटेच गाडी पुसून तयार, डबासुद्धा स्वतः भरलेला. समुद्रावर लष्कराने सोडून दिलेला मोठाला कान आहे, बाबा, तुमच्याच कामाची गोष्ट, असं गोड गोड बोलणं. आप्पा आधी नकोच म्हणत होते. चाळीस वर्षं ते रेडिओ दुरुस्त करत होते आणि पलीकडच्या गल्लीतल्या अंध सरांना त्यांचा रेडिओ उद्या द्यायचा होता. पण कानाने भुलवलं. घराखालच्या दुकानाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघाले.

कान म्हणजे खरोखरच कान. टेकाडावर दोन मजली उंच काँक्रीटची वाटी समुद्राकडे तोंड करून उभी होती. रडार नव्हतं तेव्हा शत्रूचं विमान दिसायच्या आत ऐकू यावं म्हणून बांधलेली. रडार आलं आणि सैन्याने ती आहे तिथेच टाकली. आता सळया गंजलेल्या, खाली कुणी कुणी बदाम कोरलेले. आप्पा हरखले. वाटीत शिरलेला आवाज परतून एकाच जागी गोळा होणार, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शिपायांच्या जुन्या चौथऱ्यावर चढून, स्टेशन लावावं तसं ते डोकं तसूतसूने सरकवत राहिले. एका जागी लाटा थेट कानाशी आल्या.

आणि लाटांबरोबर मुलगाही. तो पार खाली, पाण्याच्या कडेला, फोनवर बोलत होता.

"रेडिओ फोडलेसुद्धा? बरं केलंत, सगळं भंगारच होतं. नवं कुलूप लावून जा. म्हातारा ओरडेल थोडा, मग होईल गप्प."

आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात गाडी ठेवायची यावरून घरात दहादा वाजलं होतं, आणि मी आहे तोवर नाही, असं त्यांनी दहाही वेळा सांगितलं होतं. ते एक वेळ सोडा. पण भंगार? फळ्यांवर एकतीस रेडिओ होते आणि त्यातला एकही आप्पांचा नव्हता. लोकांनी विश्वासाने हातात ठेवलेल्या वस्तू, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. लाज कशी वाटली नाही या मुलाला?

ते खाली उतरले. ओरडले नाहीत. वर जाऊन माझ्या जागी उभा राहा, गंमत आहे, एवढंच म्हणाले. चिरंजीव हसत वर गेले. मग आप्पा त्याच्या जागी उभे राहिले आणि समोर बसलेल्याशी बोलावं तितक्याच आवाजात बोलू लागले.

"ऐकलं मी. आता तू ऐक. पहिला तपकिरी, सरांचा. दुसरा शिंपीणबाईंचा, नवऱ्याची तेवढी एकच वस्तू राहिली होती त्यांच्याकडे. तिसरा रात्रपाळीच्या नर्सचा."

चिठ्ठी नाही, वही नाही, एकतीसच्या एकतीस त्यांनी तोंडपाठ सांगितले. कुणाचं बटण सैल, कुणाची तार तुटलेली, कोण कधी न्यायला येणार. मुलगा एक पाऊल बाजूला सरकला असता तर सुटला असता. पण त्याचे पाय हलले नाहीत.

खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवे रेडिओ घेऊन देतो, असं काहीसं तो पुटपुटला. आप्पांनी त्याला बोलूच दिलं नाही.

"उद्या आठला गाडी काढ. एकतीस दारं आहेत. मी गाडीत बसेन, सांगणार तू. पहिलं दार सरांचं. त्यांना तुझा पडलेला चेहरा दिसायचा नाही, तेव्हा नीट मोठ्याने सांग."