सात किलोंचा बाप

मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, पोटात स्प्रिंग, खाली आकडा. एवढ्याच भांडवलावर मी संसार केला.

मित्रांनो, स्प्रिंग पोटात असली की स्वस्थता कुठली? दार आपटलं, मी हललो. कुणी शिंकलं, मी हललो. कारखान्यात मला तपासणारे गृहस्थ वैतागून म्हणाले होते, "हा शांत बसणाऱ्यातला नाही." ते खरं ठरलं.

पुढे मी रद्दीच्या दुकानात लागलो. गठ्ठा लटकायचा, मी थरथरायचो, मालक माझी पाठ थोपटायचे. मग हिरवे अंक दाखवणारा विजेचा काटा आला. तो मुळीच हलत नव्हता. लोकांना त्याचंच कौतुक. मालकांनी मला त्यांच्या ट्रक चालवणाऱ्या दोस्ताला देऊन टाकलं, आणि त्याच्या घरच्या खिळ्यावर लोक मला छत्री अडकवू लागले.

या ड्रायव्हरबाबांनी जन्मभर समुद्राकडच्या एकाच रस्त्यानं बसून प्रवास केला. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "त्याच रस्त्यानं आता पायी समुद्रापर्यंत जायचं." गुडघा तपासून डॉक्टरांनी सांगितलं, अंगावर सात किलोंच्या वर ओझं नको. लेक सोबत निघणार होती. ती म्हणाली, "सातच्या वर गेलं तर जाणं रद्द. मग रडायचं नाही."

मला छत्रीखालून बाहेर काढलं. घरात वजन कमी करायची साथच आली. तंबू हलका घेतला, टॉवेल अर्धा कापला. टूथब्रशचा दांडा उडवला. आता दात घासताना बाबांची बोटंही घासली जायची. चमचा हलका व्हावा म्हणून बाबांनी त्याला भोकं पाडली. तो सूप प्यायचा चमचा होता.

एवढं करून सॅक सहा किलो भरली. लेक खूश. मी मात्र बेचैन.

निघायच्या सकाळी सगळ्या खुंट्या भरल्या होत्या, म्हणून लेकीनं बाबांचं जॅकेट माझ्या आकड्याला अडकवलं. मी दाणकन तीनवर आलो.

"बाबा! जॅकेट तीन किलो?"

"थंडीचं आहे."

तिनं खिसे उलटे केले. पाना निघाला, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, त्या टॉर्चसाठी दुसरा टॉर्च, आणि जुन्या ट्रकचा रबरी फुग्याचा भोंगा.

"हे काय?"

"अगं, सॅक म्हणजे ट्रकचा हौदा. जॅकेट म्हणजे केबिन. केबिनमधलं सामान कुणी मालात धरतं का?"

"गुडघा धरतो!"

बाबा बुटाची नाडी सोडायला वाकले. घरात पहिल्यांदाच कुणी वाद घातला नाही.

लेकीनं पाना, स्क्रूड्रायव्हर घरी ठेवले, दोन्ही टॉर्च स्वतःच्या सॅकमध्ये टाकले. मग बाबांची सॅक आणि जॅकेट एकत्र लटकवलं. सातला जरा कमी. भोंगा तेवढा जमिनीवर उरला.

"चालणाऱ्याला भोंगा कशाला, बाबा?"

"वळणावर. त्या रस्त्यावर एकही वळण मी न वाजवता घेतलेलं नाही."

तिनं भोंगा उचलला, जॅकेटच्या खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सातच्या पुढे गेलो होतो, थोडासाच, पण पुढे.

"किती?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"काटा हलतोय," लेक म्हणाली. "सातच धरू. नाडी बांधा."

जाताना कोपऱ्यावरच्या वळणाला भोंगा वाजला. समोरून एक मांजर येत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या काट्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, छत्री दुसरीकडे अडकवा. आणि वजन करताना खिसेही बघा. ओझ्याला हौदा आणि केबिन कळत नाही.

बाकी एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी मी हलत नव्हतो.