अंगात अडकलेलं वारं

आपल्याकडं कितीतरी घरांत गुडघा दुखला की कुणी दवाखान्याचं नाव काढत नाही. "वात धरला" म्हणायचं आणि शेकत बसायचं. जेऊरच्या अभिमन्यू मुकादमाच्या घरी त्या सकाळी तेच चाललं होतं. बायको बजाबाई तापल्या विटेनं शेकत होती आणि तो दात आवळून पडला होता.

अभिमन्यूची टोळी धरणाच्या पाण्याखालून बोगदा खोदत होती. पाणी आत घुसू नये म्हणून तिथं हवा दाबून भरलेली असे. काम संपलं की हवाकोठीत, म्हणजे हवाबंद खोलीत बसायचं, कोठीवाला हळूहळू दाब उतरवी, मगच बाहेर. दुखलं तर लगेच सांगायचं, हा नियम. अभिमन्यूनं मात्र कामावरच्या वहीत "काही त्रास नाही" असं लिहून सही ठोकली होती.

कोठीवाला शरणबसव वळसंगचा. मुकादम लंगडत फटफटीकडं गेला, हे त्यानं पाहिलं होतं. पाळी दुसऱ्याकडं सोपवून तो कामावरची जीप घेऊन दारात हजर!

"अक्का, वीट ठिवा बाजूला. मुकादम, चला."

"आरं, वात हाय नुसता. आमच्यात समद्यांनाच हाय की."

"वात म्हंजे वारंच की! सोड्याची बाटली फाटदिशी फोडली की फेस येतो का न्हाय? तसं तुमच्या अंगात वारं फसफसतंय. आज गुडघ्यात हाय, उद्या मणक्यात गेलं तर पाय कायमचे गेले! परत कोठीत बसून दाब घ्यायचा, हेच औषध."

"आन् टोळी काय म्हणंल? मुकादमच आदी रडला?"

बजाबाईनं वीट अंगणात भिरकावली. "हसू द्या की! चालत्या माणसाला हसत्याल. हातरुणात पडल्यावर बघायला तरी येत्याल का? उटा!"

अभिमन्यू उठला. कोठीत दाब चढला तशी कळ ओसरली. पुढचे पाच तास शरणबसव काचेबाहेर बसून होता. आतून कितीही हाका आल्या तरी त्यानं दाब उतरवायची चावी घाईनं फिरवली नाही. धन्य तो धीर!

दुसऱ्या दिवशी अभिमन्यू टोळीपुढं उभा राहिला. "मी वहीत खोटं लिवलं. ह्यो शरणबसव नसता तर आज पांगळा असतो. दुखलं तर बोला."

मागून टोळीतल्या रावजीनं हात वर केला. "मुकादम, माजा खांदा परवापासनं..."

शरणबसव तोवर कोठीचं दार उघडायला निघालाही होता.

मंडळी, दुखणं लपवण्यात कसला आलाय मर्दपणा? वरच्या माणसानं आपलं दुखणं उघड सांगितलं, तरच खालच्याला तोंड उघडता येतं.